कूलंटची गळती: जागा शोधणे आणि होज पाइप बदलणे

कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव. ते पेट्रोलप्रमाणे जळून संपत नाही. ते बंद फेऱ्यात फिरत राहते. त्यामुळे कूलंटच्या टाकीतील पातळी वारंवार उतरत असेल, तर ते कुठून तरी बाहेर पडत आहे असेच समजावे आणि वरून भर घालत राहण्याऐवजी आधी ती जागा शोधावी. घरी हाताळता येण्याजोग्या गळत्या बहुतेक वेळा रबरी होज पाइपाच्या किंवा त्याच्या क्लिपांच्या असतात.

इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. हे झाकण आत साधारण 1 बार दाब धरून ठेवते, म्हणूनच कूलंट 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. पण गरम असताना झाकण सैल केले की कूलंट क्षणात उकळून अंगावर उसळते. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही काही वेळा आपोआप सुरू होतो, म्हणून हात घालण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी.

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवल्यास सकाळी डागावरून जागेचा अंदाज येतो. एसीचे पाणी रंगहीन असते, तर कूलंट हिरवे, लाल किंवा गुलाबी, बोटांना बुळबुळीत आणि गोडसर वासाचे असते. बारीक गळती मात्र थेंबाने पडतच नाही. गरम भागावर ती सुकते आणि क्लिपेच्या कडेला फिकट रंगाची खरखरीत पापडी उरते. टॉर्च घेऊन हीच पापडी शोधावी. होज दाबून पाहावा: तो कडक होऊन चिरलेला असेल किंवा टोकाशी फुगून मऊ पडला असेल, तर नुसती क्लिप आवळून भागणार नाही. ओघळ वॉटर पंपाच्या खालच्या छिद्रातून येत असेल, तर काम मेकॅनिककडे सोपवावे. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असेल किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागांमधील सील) खराब झाल्याची शंका घ्यावी आणि गाडी चालवूच नये.

होज बदलण्यासाठी रेडिएटरच्या तळाशी पसरट भांडे ठेवून कूलंट काढून घ्यावे. स्प्रिंगची क्लिप पकडीने दाबून मागे सरकवावी, स्क्रूची असेल तर सैल करावी. जुना होज रेडिएटरच्या तोंडाला, म्हणजे तो ज्या नळीवर चढवलेला असतो तिला, चिकटून बसलेला असतो आणि बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचे ते तोंड प्लास्टिकचे असते, जे उष्णतेने ठिसूळ होते. म्हणून स्क्रूड्रायव्हरने उचकटण्याऐवजी होज ब्लेडने लांबीच्या दिशेने जपून चिरून सोलून काढावा. एका घाईच्या हिसक्याने शे-दोनशे रुपयांच्या होजपायी अख्खा रेडिएटर बदलावा लागतो. नवा होज त्याच वळणाचा हवा, त्यामुळे जुना तुकडा दुकानात घेऊन जावे. क्लिप आधी होजवर चढवावी, तोंड स्वच्छ पुसावे, ऑइल किंवा ग्रीस न लावता थोड्या कूलंटने ओले करावे आणि होज पूर्ण आत बसल्यावर क्लिप तोंडाच्या उंच काठाच्या मागे आणून आवळावी. ती रबर कापेल इतकी आवळू नये.

भरताना गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट घ्यावे, कारण रंग सारखा असला म्हणून जात सारखी असतेच असे नाही. घट्ट (पाणी न मिसळलेले) कूलंट साधारणपणे निम्म्यास निम्मे डिस्टिल्ड पाण्यात मिसळतात. बोअरचे पाणी वापरल्यास आत क्षार साचतात. बॅटरी जोडून, रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून आणि हीटर पूर्ण गरमवर करून इंजिन चालू ठेवावे. हवेचे बुडबुडे निघतात, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) उघडला की वरचा होज गरम होतो आणि पातळी खाली जाते. तेव्हा चेहरा दूर ठेवून भर घालावी आणि झाकण लावावे. काही इंजिनांत हवा काढण्यासाठी वेगळा स्क्रू असतो.

रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती बंद करण्याचा जुना उपाय घाटात अडकलेल्याने हवा तर करावा, पण ती हळद हीटरच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसते.

काढलेले कूलंट गटारात ओतू नये. त्यातील इथिलीन ग्लायकोल विषारी असते आणि गोड चवीमुळे कुत्री-मांजरे ते चाटतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ते गॅरेजमध्ये द्यावे. पहिल्या फेरीनंतर इंजिन थंड झाल्यावर पातळी आणि क्लिपा पाहाव्यात. क्लिपा कोरड्या असूनही पुढील काही दिवस पातळी उतरतच राहिली, तर गळती आतल्या बाजूला असू शकते आणि ती गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करूनच शोधावी लागते.