परदेशवारीत कसाला लागलेली नाती : कथा कशी लिहावी

अमेरिकेतल्या मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या आईवडिलांना शेजारीपाजारी विचारतात, "काय काय पाहिलंत?" आणि ते नायगाऱ्याबद्दल, न्यूयॉर्कबद्दल, रस्त्यांच्या स्वच्छतेबद्दल भरभरून सांगतात. त्या घरात त्या सहा महिन्यांत काय घडले, हे मात्र ते कोणालाच सांगत नाहीत, आणि बहुतेक वेळा आपसातही बोलत नाहीत. या विषयावर कथा लिहायची असेल, तर सुरुवात या न सांगितलेल्या भागापासून करावी.

माझ्या वाचनात येणाऱ्या अशा कथांपैकी पुष्कळ कथा एकाच ठिकाणी घसरतात. परदेशामुळे माणसे बदलली, असे लेखक गृहीत धरतो आणि मग बदललेला मुलगा, न बदललेली आई अशी मांडणी आपोआप होते. माझे मत वेगळे आहे. आपल्या घरी प्रत्येक नात्याला काही आडोसे असतात. वडील रागावले की चप्पल घालून कट्ट्यावर जातात, आई दुपारी बहिणीला फोन लावते, सून सणाचे निमित्त काढून चार दिवस माहेरी जाऊन येते. खिशात स्वतःच्या घराची किल्ली असते, पेन्शनचे पैसे असतात, भाजीवाला ओळखीचा असतो. प्रवास हे आडोसे एकेक करून काढून घेतो आणि नाते उघड्यावर येते. म्हणून कथेचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वी प्रत्येक पात्रासाठी एक यादी करावी : या माणसाचे घरी कोणते आडोसे होते आणि इथे त्यांतले कोणते उरले नाहीत? "घराची आठवण" असे मोघम काही या यादीत लिहू नये. "पायी जाता येईल असे एकही दुकान नाही", "दाराला किल्ली नाही, आकडे दाबायचे कुलूप आहे आणि ते आकडे आपल्याला कोणी सांगितलेले नाहीत" अशा नोंदी असाव्यात. दुसऱ्या नोंदीत तर अर्धी कथा दडलेली आहे.

यानंतर एकच नाते निवडावे. बाप आणि मुलगा, सासू आणि सून, दोन भाऊ किंवा नवरा-बायको यांपैकी एक जोडी पुढे ठेवली, की बाकीची पात्रे त्या जोडीवर प्रकाश टाकण्यापुरती येतात. नाते ठरले की प्रवासाची मुदत ठरवावी, कारण या विषयाला कालमर्यादा बाहेरून आयतीच मिळते. अमेरिकेचा भेटीसाठीचा व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी एका खेपेला किती दिवस राहायचे हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि सहसा सहा महिने देतो. एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या शेंगेन देशांमध्ये १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर राहता येत नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या आईला या सहा महिन्यांची तारीख पहिल्या दिवसापासून माहीत असते. बाळ साडेतीन महिन्यांचे होते, लेकीची रजा संपते आणि मुक्काम वाढवण्याचा अर्ज मुदत संपण्याआधी करायचा की नाही, हा प्रश्न घरात येऊन उभा राहतो. तो कोण काढतो, हेच कथेचे मर्म आहे. लेकीने विचारले तर तिला गरज आहे असा अर्थ होतो, आईने काढला तर तिला परत जायचे नाही असा होतो, आणि जावयाने काढला तर आधी नवरा-बायकोत बोलणे झाले होते हे आईला कळते. एकाच वाक्याचे वजन बोलणाऱ्यानुसार बदलते. लिहिताना तिन्ही प्रकारांनी तो प्रसंग लिहून पाहावा आणि मगच निवड करावी.

आता एखादा प्रसंग कसा बांधावा, हे उदाहरणाने दाखवतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले वडील साताऱ्याहून न्यू जर्सीत मुलाकडे आले आहेत. जानेवारी महिना आहे आणि घर किती उबदार राहील हे भिंतीवरच्या एका यंत्रावर ठरते.

"रात्री दोन वाजता बाबा उठले. पॅसेजच्या भिंतीवरच्या यंत्रात ६८ हा आकडा दिसत होता. त्यांनी बाण दोनदा दाबला. आकडा ७० झाला. सकाळी तो पुन्हा ६८ होता. चहा घेताना मुलगा म्हणाला, 'बाबा, थंडी वाजत असेल तर सांगा ना. जाडं पांघरूण काढून देतो.' बाबा म्हणाले, 'छे, मला कुठे थंडी वाजतेय?' त्या रात्री ते स्वेटर घालून झोपले."

या सात-आठ ओळींत विजेच्या बिलाचा उल्लेख नाही, "मुलगा परका झाला" असे वाक्य नाही. तरीही वाचकाला अस्वस्थ वाटावे, अशी तरतूद कथेच्या आधीच्या भागात करून ठेवावी लागते. साताऱ्याच्या घरी गीझर किती वेळ चालू ठेवायचा, अंगणातला दिवा कधी मालवायचा हे आयुष्यभर बाबांनी ठरवले, एवढे दोन वाक्यांत येऊन गेले असेल, तर भिंतीवरच्या त्या बाणाला अर्थ येतो. शिवाय पुढे कुठेतरी बाबा वर्तमानपत्राच्या कडेला गणित करून ६८ फॅरनहाइट म्हणजे २० अंश सेल्सिअस असे काढतात, आणि आपल्या घरी पौषातल्या पहाटे याहून जास्त गारठा असतो, हे त्यांच्या ध्यानात येते. ते पेन बंद करून ठेवतात. थंडीचा प्रश्न नव्हता, हे वाचकाला बाबांबरोबरच कळले पाहिजे. लेखकाने ते आधी सांगून टाकले, तर बाबांच्या हाती काही उरत नाही.

याच प्रसंगात मुलाची बाजूही तितकीच जपावी लागते. आकडा परत ६८ होतो, तेव्हा कदाचित मुलाला बाबांनी हात लावला हे ठाऊकही नसेल आणि बायकोने किंवा त्या यंत्रात आधी लावून ठेवलेल्या वेळापत्रकाने तो बदलला असेल. लेखकाला याचे उत्तर माहीत असावे. वाचकाला ते द्यावेच, असे नाही.

वस्तूंइतकेच घड्याळही या कथांमध्ये उपयोगी पडते. हिवाळ्यात पुणे न्यू जर्सीच्या साडेदहा तास पुढे असते आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास, कारण मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे एक तास पुढे सरकतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. मुलगी रोज तिच्या रात्री ९ वाजता फोन करते. हिवाळ्यात तेव्हा आईकडे सकाळचे ७.३० वाजलेले असतात, पूजा आणि चहा उरकलेला असतो. मार्चनंतर तोच फोन ६.३० ला येऊ लागतो. मुलीच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. आई मात्र तेव्हापासून पावणेसहाचा गजर लावते आणि त्याबद्दल बोलत नाही. कोण कोणासाठी किती सरकते, हे दाखवायला यापेक्षा साधे साधन मला तरी माहीत नाही.

कथा कोणत्या साली घडते, हेही पक्के करून घ्यावे, कारण लपवण्याची साधने सालागणिक बदलतात. निळ्या आंतरराष्ट्रीय पत्राच्या काळात आजारपण, कर्ज, मोडलेले लग्न सहज झाकता येत असे. ट्रंक कॉल बुक करून मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांत तर सगळे "बरे आहे" एवढेच म्हणत. आज रोज चेहरा दिसतो, म्हणून लपवणे संपले असे नव्हे. हाताला प्लास्टर घातलेली आई फोन डब्याला टेकवून, गळ्यापासून वरचाच भाग दिसेल असा उभा करते आणि बोलताना डाव्या हाताने केस मागे सारते. मुलीच्या लक्षात एवढेच येते की आई आज सारखी डावा हात वापरते आहे. हा एक हावभाव तुमच्या हाती असला, तर "आईने मुलीपासून आपला अपघात लपवला" हे वाक्य गाळून टाकता येते.

जाणारा आणि पाठवणारा यांचे नाते समजून घ्यायचे, तर आनंदीबाई जोशी यांच्या चरित्राकडे अवश्य वळावे. गोपाळरावांनी पत्नीला शिकवण्याचा ध्यास घेतला, आणि १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई पतीशिवाय कोलकात्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. निघण्यापूर्वी त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूर येथे जाहीर भाषणात आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही दिली. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. कथालेखकाने यातून एक गोष्ट हेरावी. ज्याने गिरवायला पाटी दिली तो मागे राहतो, आणि जिला हात धरून शिकवले ती बोटीवर बसून एकटी निर्णय घेऊ लागते. शिक्षक आणि विद्यार्थिनी ही पूर्वीची बैठक आता दोघांनाही अपुरी पडते. आजही बायकोला परदेशी शिकायला पाठवणारा नवरा, किंवा कर्ज काढून मुलीला जर्मनीला धाडणारा बाप, याच ठिकाणी उभा असतो : हवे ते घडले आहे आणि तरी काहीतरी हातून निसटते आहे. त्याला खलनायक करू नये. त्याचा आनंद खरा असतो आणि त्याची असूयाही खरी असते.

रत्नागिरीकडचा, आखातात नोकरीला असलेला नवरा ही निराळी गोष्ट आहे. तुटपुंज्या पगारावर कुटुंब सोबत नेता येत नाही आणि दोन वर्षांनी सुट्टीवर आलेल्या माणसाला आपल्यावाचून घर नीट चाललेले दिसते. दुबईचे घड्याळ आपल्या केवळ दीड तास मागे असते, त्यामुळे तिथे काळाचे अंतर फारसे उपयोगी पडत नाही. तिथे भर सुट्टीच्या दिवसांवर द्यावा.

माझ्या दृष्टीने सर्वांत कमी लिहिले गेलेले नाते मागे राहिलेल्या भावंडाचे आहे. नाशिकला आईचे डायलिसिस चालू आहे. धाकटा भाऊ दोन वर्षे तिला नेतो-आणतो. थोरला फ्रँकफर्टहून तीन आठवड्यांसाठी येतो, सगळी फाइल वाचून काढतो, डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारतो आणि डॉक्टरही त्याच्याकडेच पाहून बोलतात. धाकटा दाराशी उभा असतो. कोणत्या कुशीवर वळवले की आईला उठणे सोपे जाते हे त्याला माहीत आहे, पण फाइलमध्ये ते लिहिलेले नाही. इथपर्यंत वाचकाची सहानुभूती आपसूक धाकट्याकडे जाते, आणि लेखक इथेच थांबला तर कथा एकांगी होते. म्हणून थोरल्याला स्वयंपाकघरात पाठवावे. तो चहा करायला उभा राहतो, साखरेचा डबा पूर्वीच्या जागी सापडत नाही, दोन-तीन झाकणे उघडून पाहतो, तेवढ्यात भावजय येते आणि अगदी मनापासून म्हणते, "भाऊजी, तुम्ही बसा हो, मी आणते." ज्या घरात तो वाढला, तिथे त्याला पाहुण्याचा मान मिळाला. भावजयीच्या बोलण्यात तिरकसपणाचा लवलेश नसावा, नाहीतर प्रसंग भांडणाकडे वळेल.

संवाद लिहिताना संबोधनांवर विशेष लक्ष ठेवावे, कारण मराठीत नात्याची सगळी चढउतार तिथे दिसते. परदेशात आठ वर्षे दोघेच राहिलेले जोडपे एकमेकांना नावाने, अरे-अगं करून हाक मारते. सासूसासरे उतरल्यावर सून "अहो" म्हणू लागेल का? बहुधा ती हाक मारणेच टाळते, नवऱ्याशी बोलायचे असेल तर त्याच्या खोलीपर्यंत चालत जाते. सासूच्या ते लक्षात येते आणि ती सुनेला "अगं, नावानं हाक मार, मला काही वाटत नाही" असे म्हणते की गप्प राहते, यावरून सासू कळते. नातवंडे मराठी समजतात पण उत्तर इंग्रजीत देतात, तेव्हा आजीचा प्रश्न पूर्ण लिहावा आणि नातवाचे उत्तर एक-दोन शब्दांचे ठेवावे. पानभर इंग्रजी संवाद देवनागरीत उतरवले, की वाचकाची दमछाक होते.

विमानतळावरचा निरोप, फोडणीच्या धुराने वाजणारा भोंगा आणि पहिला बर्फ हे तीन प्रसंग शक्यतो गाळावेत. ते खोटे असतात म्हणून नव्हे, तर वाचक ते स्वतःच भरून घेतो म्हणून. परतीच्या विमानापाशीही कथा संपवू नये. विमान सुटले की पात्रांची सुटका होते आणि त्यांच्याबरोबर लेखकाचीही. त्यापेक्षा दोन महिन्यांनंतरचा एखादा नेहमीचा फोन घ्यावा. साताऱ्यात बाबा बोलता बोलता विचारतात, "आता किती ठेवतोस रे आकडा?" मुलगा उत्तर देतो, आणि ते उत्तर काय असावे, हे तुम्हाला तोवर कळलेले असेल.

खर्डा झाला की तो महिनाभर बाजूला ठेवावा आणि मग दोघांना वाचायला द्यावा : एक, जो परदेशी जाऊन राहिला आहे, आणि दुसरा, जो मागे राहून आईवडिलांचे सगळे पाहतो. कथा कशी वाटली, असे विचारू नये. "चूक कोणाची वाटली?" एवढेच विचारावे. दोघांनी एकाच पात्राकडे बोट दाखवले, तर त्या पात्राच्या खोलीत, त्याच्या बाजूने, आणखी एक प्रसंग लिहायचा राहिला आहे.