एफएनएसीत (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणी) कातडीची गाठ आली की लगेच कॅन्सर लिहू नका

स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावायच्या आधी गाठीला स्वतः हात लावा, कारण खूपदा सुई एकजण टोचतो आणि रिपोर्ट दुसराच लिहितो. गाठ कातडीसोबतच हलते का, कडक आहे का, दाबलं की दुखते का, एवढं फॉर्मवर लिहिलेलं असलं तरी खूप झालं.

सुई बारीकच घ्या, 23-24 गेजची. काही स्लाइड हवेत वाळवून गिम्सा रंगाला, काही ओल्या असतानाच 95 टक्के अल्कोहोलमध्ये टाकून पॅप रंगाला. दोन्ही पाहिजेतच.

सगळ्यात जास्त फसवतो तो पायलोमॅट्रिकोमा, म्हणजे केसाच्या मुळाची बिनाइन (कॅन्सर नसलेली) गाठ. पेशंट बहुतेक लहान किंवा तरुण, गाठ डोकं-मान-हातावर आणि दगडासारखी. स्मिअरवर (स्लाइडवर पसरलेल्या पेशींत) बेसलॉइड (लहान, गडद न्यूक्लियसच्या) पेशींचे दाट गठ्ठे, न्यूक्लिओलस (न्यूक्लियसमधला ठिपका) ठळक, मायटोसिस (पेशी विभागताना) पण दिसतात, मग आपण घाबरून स्मॉल राउंड सेल ट्यूमर (लहान गोल पेशींचा कॅन्सर) नाहीतर कार्सिनोमा (हाही कॅन्सरच) लिहून मोकळे होतो. जरा थांबा, घोस्ट सेल शोधा. पेशीची कड शाबूत पण न्यूक्लियसच्या जागी नुसता फिकट डाग, गिम्सात पटकन निसटतात, पॅपमध्ये केशरी-पिवळ्या सापडतात. जोडीला कॅल्शियम आणि जायंट सेल (बरेच न्यूक्लियस असलेल्या मोठ्या पेशी) असतील तर काम झालंच. हीच गाठ कानापुढे असली की लोक पॅरोटिडची (कानापुढच्या लाळग्रंथीची) समजतात, ते वेगळंच.

कॉन्ड्रॉइड सिरिंगोमात (घामग्रंथीची बिनाइन गाठ) गिम्सावर मॅजेंटा, तंतुमय स्ट्रोमा (पेशींमधला आधाराचा भाग) आणि त्यात अडकलेल्या पेशी, म्हणजे हुबेहूब प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा (लाळग्रंथीची बिनाइन गाठ). इथे स्लाइडकडे कितीही टक लावून बघा, शेवटी ठरतं जागेवरूनच: नाक, गाल, वरच्या ओठाची कातडी.

डोक्याच्या कातडीवरच्या गाठीत बेसलॉइड पेशी आणि मॅजेंटा गोळे दिसले तर सिलिंड्रोमा (कातडीतल्या ग्रंथीची बिनाइन गाठ) लक्षात ठेवा, पण अॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा (लाळग्रंथीचा कॅन्सर) पण असाच दिसतो, म्हणून लाळग्रंथी तपासून घ्या. गाठ दुखरी असेल तर स्पायराडिनोमाचा (ही पण कातडीतल्या ग्रंथीची बिनाइन गाठ) विचार करा.

हायड्राडिनोमात (घामग्रंथीची बिनाइन गाठ) बऱ्याचदा नुसतं पाणी येतं. पाणी काढून उरलेल्या घट्ट भागात परत सुई टाका, नाहीतर सिस्ट (नुसती पाण्याची पिशवी) म्हणून रिपोर्ट जाईल. क्लिअर सेल (आतून पारदर्शक दिसणाऱ्या पेशी) खूप असतील तर किडनीच्या गाठीची हिस्ट्री विचारा, कारण किडनीचा कॅन्सर कातडीत पसरला तरी असाच दिसतो.

नेमकं नाव जमत नसेल तर बिनाइन अॅडनेक्सल ट्यूमर (केस-घामग्रंथींसारख्या कातडीतल्या भागांची बिनाइन गाठ) लिहा आणि पूर्ण गाठ काढून हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवायला सांगा. गाठीची कड आजूबाजूला घुसलीय का हे स्मिअरवर कळतच नाही.