गिझरचे वय ठरवताना या चुका टाळा

गिझर दुरुस्त करायचा की बदलायचा, हा प्रश्न बहुतेक घरांत थंडीच्या पहिल्या आठवड्यात उभा राहतो आणि मेकॅनिकचा पहिला प्रतिप्रश्न ठरलेला असतो : "घेऊन किती वर्षं झाली?" आपण देतो ते उत्तर सहसा अंदाजाचे असते, आणि तो अंदाज ज्या खुणांवर बांधलेला असतो त्यांतल्या बऱ्याचशा गिझरच्या वयाच्या नसतातच. गिझरचे वय म्हणजे त्याच्या टाकीचे वय, एवढे आधी पक्के करावे. पाणी तापवणारे एलिमेंट, तापमान आवरणारा थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह हे सारे बदलता येते. टाकी गळू लागली की गिझर संपला.

सर्वांत फसवी चूक माझ्याच हातून झाली. आमच्या न्हाणीघरातल्या १५ लिटरच्या गिझरची, मॉडेल-क्रमांकाची पाटी भिंतीच्या बाजूला, अशा अडचणीच्या जागी आहे की फोन आत सरकवून फोटो काढल्याशिवाय ती वाचताच येत नाही. फोटो मोठा करून पाहिला, तर आयएसआय चिन्हाशेजारी 'आयएस २०८२ : १९९३' अशी अक्षरे. गिझर १९९३चा आहे असे समजून मी नव्याची चौकशीसुद्धा सुरू केली होती. वास्तविक आयएस २०८२ हे साठवणीच्या विजेच्या गिझरचे भारतीय मानक आहे आणि त्यापुढचे वर्ष हे त्या मानकाच्या आवृत्तीचे आहे. १९९३च्या आवृत्तीनंतर २०१८ची सुधारित आवृत्ती आली, त्यामुळे २००० नंतर बनलेल्या कितीतरी गिझरवरही १९९३ हाच आकडा सापडतो. या वर्षाचा उपयोग एवढाच, की पाटीवर २०१८ असेल तर गिझर त्याआधीचा नाही. त्याच चिन्हाखालचा 'सीएम/एल' क्रमांकही अनेक जण अनुक्रमांक समजून कंपनीला कळवतात. तो उत्पादकाच्या परवान्याचा क्रमांक असतो आणि एका कारखान्यातून निघालेल्या हजारो गिझरवर तोच असतो.

खरा अनुक्रमांक मिळाला तरी त्यातले पहिले दोन आकडे म्हणजे वर्ष, असे धरून चालू नये. काही कंपन्या आधी वर्ष आणि मग महिना लिहितात, काही आठवड्याचा आकडा देतात, तर काही वर्षासाठी एखादे इंग्रजी अक्षर वापरतात. क्रमांकाची सुरुवात १९०४ अशी असेल, तर ती २०१९चा एप्रिलही असू शकते आणि २००४चा एकोणिसावा आठवडाही. पाटीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष सरळ छापलेले असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर पूर्ण क्रमांक आणि मॉडेलचे नाव कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला कळवून विचारावे. पाटी वाचण्यापूर्वी एमसीबी बंद करावा आणि प्लग काढावा. तारीख शोधण्यासाठी गिझरचे झाकण स्वतः उघडण्याचे तर काहीच कारण नाही.

वीजबचतीच्या स्टार लेबलवरचा कालावधी हीसुद्धा जन्मतारीख नव्हे. ते तारे कोणत्या काळातल्या निकषांवर दिले गेले, एवढेच त्यावरून कळते.

घराचा ताबा मिळाला ते वर्ष गिझरला चिकटवणे ही आणखी एक सवय. बिल्डरने बसवून दिलेला गिझर ताब्याच्या आधी वर्षभर गोदामात पडून असू शकतो, आणि जुन्या घरातून काढून आणलेला तर त्याहून कितीतरी जुना असतो. बिल सापडले तर उत्तमच, कारण वॉरंटी साधारणपणे बिलाच्या तारखेपासून मोजतात. बिलावरची तारीख पुसट झाली असेल तर कराचे नाव पाहावे : जीएसटी असेल तर खरेदी १ जुलै २०१७ किंवा त्यानंतरची, आणि महाराष्ट्रातल्या बिलावर व्हॅट असेल तर १ एप्रिल २००५ ते ३० जून २०१७ या दरम्यानची. बिल हरवले असेल तर माळ्यावर चढावे. गिझरचा खोका बहुतेक घरांत टाकून दिलेला नसतो, त्यात गणपतीच्या सजावटीचे सामान भरलेले असते आणि त्याच्या बाजूवर किमतीजवळ उत्पादनाचा महिना व वर्ष छापलेले असते.

दुरुस्ती झालेल्या गिझरमध्ये सुट्या भागांवरच्या तारखा गोंधळ घालतात. थर्मोस्टॅटवर मागच्या वर्षाची तारीख दिसली म्हणून टाकी तरुण ठरत नाही. बाहेरच्या चकचकीत प्लास्टिकवरही विसंबू नये. ते पुसले की पुन्हा नव्यासारखे दिसते.

तारीख हाती आल्यावर होणारी चूक मात्र अधिक खर्चाची असते, ती म्हणजे केवळ वर्षे मोजून निकाल देणे. बोअरवेलच्या जड पाण्यावर चाललेल्या गिझरमध्ये एलिमेंटवर क्षारांचे जाड थर बसतात आणि टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडी लवकर झिजते. ती कधीच बदललेली नसेल तर पाच वर्षांचा गिझरही म्हातारा समजावा. उलट, सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडतात म्हणून टाकी गेली, असे मानून अनेक जण चांगला गिझर भंगारात देतात. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापले की सुमारे पाव लिटरने फुगते, आणि त्यातले थोडे त्या व्हॉल्व्हमधून बाहेर येणे स्वाभाविक आहे. थेंब तापताना पडून नंतर थांबत असतील तर काळजी नको; गिझर थंड असतानाही ते चालू राहिले तर व्हॉल्व्ह तपासून घ्यावा; आणि पाणी व्हॉल्व्हऐवजी बाहेरच्या आवरणाच्या सांध्यातून, तांबूस रंगाचे येत असेल, तर पाटीवरची तारीख कोणतीही असो, वीज बंद करून गिझर उतरवावा.