व्हिडिओ रीएन्कोड न करता नको तो भाग कसा उडवायचा

तासाभराचं रेकॉर्डिंग आहे, सुरुवातीची चार मिनिटं नुसतं हॅलो हॅलो आणि मधे कुणाचा तरी फोन वाजतोय, बास एवढंच काढायचंय. बहुतेक जण काय करतात तर फाइल एडिटरमध्ये टाकतात, कापतात, एक्सपोर्ट दाबतात आणि लॅपटॉपचा पंखा ऐकत बसतात. त्यात अख्खा व्हिडिओ परत एन्कोड होतो, म्हणजे नव्याने दाबून साठवला जातो, क्वालिटी थोडी उतरते आणि कधी कधी साइज उलट वाढते. त्यापेक्षा आतला डेटा जसाच्या तसा उचलून नव्या फाइलमध्ये ठेवला तर कॉपी-पेस्टला लागतो साधारण तेवढाच वेळ लागतो आणि क्वालिटीला धक्काही लागत नाही.

फक्त एक भानगड आहे, कीफ्रेम. एच.२६४ या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत प्रत्येक फ्रेम म्हणजे पूर्ण फोटो नसतो. आय फ्रेममध्ये पूर्ण चित्र असतं (कीफ्रेम म्हणजे हीच), पी फ्रेममध्ये आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच, आणि बी फ्रेमला सहसा मागचं-पुढचं दोन्ही लागतं. म्हणजे पी किंवा बी वरून व्हिडिओ सुरू केला तर प्लेअरकडे आधाराला काहीच नसतं, मग ते राखाडी चौकोन आणि चेहऱ्यांचा चिखल दिसतो. एक्स२६४ या एच.२६४ व्हिडिओ बनवणाऱ्या एन्कोडरच्या डीफॉल्टला दोन कीफ्रेममध्ये जास्तीत जास्त २५० फ्रेमचं अंतर असतं, म्हणजे २५ एफपीएसच्या (सेकंदाला २५ फ्रेम) व्हिडिओत पार १० सेकंदांपर्यंत. सीन बदलला की तो मधेच एक टाकतो, पण एकच माणूस समोर बसून बोलतोय तर सीन बदलणार कधी!

आता हे नीट लक्षात घ्या, मला स्वतःला कळायला बराच वेळ लागला होता. उडवायच्या भागाची सुरुवात कीफ्रेमवर नसली तरी सहसा निभावतं, शेवट मात्र कीफ्रेमवरच पाहिजे, कारण व्हिडिओ तिथून परत सुरू होणार असतो. समजा फोन १२:४० ला वाजायला लागला, १३:०५ ला थांबला, आणि जवळचे कीफ्रेम आहेत १३:०२ आणि १३:०९ ला. १३:०२ घेतला तर तीन सेकंद रिंग राहते, १३:०९ घेतला तर चार सेकंदांचं बोलणं जातं. मी तरी रिंग ठेवेन.

माझं सगळं काम अव्हिडेमक्समध्ये चालतं, फुकट आहे. फाइल उघडा, डावीकडे व्हिडिओ आउटपुट आणि ऑडिओ आउटपुट दोन्ही कॉपीवर आहेत ना ते बघा, खाली फॉरमॅटमध्ये एमपी४ किंवा एमकेव्ही मक्सर (चित्र आणि आवाज एका फाइलमध्ये बांधणारा) निवडा. डाव्या-उजव्या बाणाने एकेक फ्रेम सरकते, वर-खाली बाणाने थेट कीफ्रेमवर उडी जाते, आणि खाली फ्रेमचा टाइपही दिसतो. नको त्या भागाच्या सुरुवातीला ए मार्कर लावा (तिथे बी फ्रेम असेल तर एखाद-दोन फ्रेम मागेपुढे सरकून पी किंवा आय बघा), शेवटी वरच्या बाणाने कीफ्रेम गाठून बी मार्कर लावा, डिलीट दाबा. बी मार्करची स्वतःची फ्रेम उडत नाही, म्हणून ते बरोबर जमतं. तुकडे जास्त असतील तर शेवटून सुरुवातीकडे कापत या, नाहीतर पहिला तुकडा उडाला की तुम्ही लिहून ठेवलेल्या पुढच्या सगळ्या वेळा सरकतात. सेव्ह करताना कट कीफ्रेमवर नाही असा मेसेज आला तर मुकाट मागे जाऊन दुरुस्त करा, ओके ठोकू नका.

इतकं बटणांचं जंगल नको असेल तर लॉसलेसकट घ्या. आय दाबून सुरुवात, ओ दाबून शेवट, मग एक्सपोर्ट. यात तुम्ही निवडलेला भाग राहतो, उडत नाही, हे पहिल्यांदा हमखास चुकतं. उलटं हवं तर यिन-यांगचं चिन्ह दाबायचं. आत एफएफएमपेग हे व्हिडिओचं कमांड-लाइन टूलच काम करतं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. एमपी४ मध्ये कट कीफ्रेमवर नसेल तर एफएफएमपेग आधीच्या कीफ्रेमपासूनचा डेटा घेतं आणि अमुक वेळेपासून दाखव अशी खूण फाइलमध्ये ठेवतं. बहुतेक प्लेअर ती पाळतात, काही पाळत नाहीत. म्हणजे स्क्रीनवर पासवर्ड दिसत होता म्हणून तुम्ही सुरुवात कापली, तर ते सेकंद फाइलमध्ये तसेच असू शकतात! असलं काही लपवायचं असेल तर पासवर्ड गेल्यानंतरच्या कीफ्रेमवरूनच सुरुवात करा, किंवा तेवढ्यापुरतं सरळ रीएन्कोड करा.

मूळ फाइल लगेच उडवू नका. मी एकदा उडवली, आणि दोन दिवसांनी दुसऱ्या प्लेअरमध्ये लावली तर तिसऱ्या कटपासून ओठ आधी हलतायत आणि आवाज मागून येतोय. आता प्रत्येक कटच्या आधीचे-नंतरचे दहा सेकंद दोन वेगळ्या प्लेअरमध्ये बघतो, मगच जुनी फाइल कचऱ्यात.