नागपुरात राहून समुद्रातले बोल्ट शिकताना

नागपूरहून जवळात जवळचा समुद्र पाचशे किलोमीटरांहून दूर आहे. त्यामुळे हिंगण्याच्या एमआयडीसीत मी समुद्रतळावरील यंत्रणांसाठी निकेल मिश्रधातूंचे बोल्ट घडवणाऱ्या कारखान्यात नोकरी करतो, असे सांगितले की नातेवाईक आधी हसतात.

धातुशास्त्राची पदवी घेऊन मी कामाला लागलो, तेव्हा बोल्ट जितका कठीण तितका चांगला, अशी माझी समजूत होती. मोनेल के-५०० या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूच्या एका खेपेचे काठिण्य अपेक्षेपेक्षा बरेच वर आले, तेव्हा तो आकडा मी कौतुकाने विभागप्रमुखांना दाखवला. त्यांनी एवढेच विचारले, "हे बोल्ट बसणार कुठे?" मला ते ठाऊक नव्हते, आणि ती खेप बाजूला काढावी लागली.

या मिश्रधातूत किमान ६३ टक्के निकेल, सुमारे ३० टक्के तांबे आणि थोडे अॅल्युमिनियम व टायटॅनियम असते. सुमारे ६०० अंश सेल्सिअसला कित्येक तास ठेवल्यावर त्यात अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि बळ वाढते. वाहत्या समुद्रपाण्यात तो गंजाला उत्तम तोंड देतो. अडचण येते ती भोवतालच्या पोलादाला वाचवण्यासाठी लावलेल्या जस्ताच्या किंवा अॅल्युमिनियमच्या अॅनोडमुळे, म्हणजे पोलादाऐवजी स्वतः झिजणाऱ्या तुकड्यांमुळे. पोलादाला जोडलेला बोल्टही त्या संरक्षणाखाली येतो, त्याच्या पृष्ठभागावर पाण्यातून हायड्रोजन सुटतो, त्यातला काही धातूत शिरतो, आणि ताणाखालचा कठीण बोल्ट काही महिन्यांनी कणसीमांवरून, म्हणजे धातूतल्या स्फटिककणांमधल्या सीमांवरून, तडकतो. कारखान्यातील ताणचाचणीत हाच बोल्ट निर्धास्त उत्तीर्ण झालेला असतो. म्हणूनच तेलक्षेत्रात काठिण्याला वरची मर्यादाही घातलेली असते. मी मात्र तोवर फक्त खालचीच पाहत होतो.

नवागतांनी प्रमाणपत्रावरील नावावर कधीच थांबू नये, कारण ७१८ या निकेल मिश्रधातूच्या एकाच नावाखाली दोन वेगळे बोल्ट असू शकतात. विमान-इंजिनांसाठी हा मिश्रधातू साधारणपणे ७१८ आणि मग ६२१ अंशांवर, अशा दोन टप्प्यांत मुरवतात, म्हणजे बळ वाढवण्यासाठी तासन् तास गरम ठेवतात. तेलक्षेत्रासाठी मात्र १०२० अंशांच्या वर द्रावण-प्रक्रिया करून, म्हणजे मिसळलेली मूलद्रव्ये धातूत एकजीव विरघळवून, कणसीमांवर डेल्टा नावाचे घातक कण तयार होणे टाळून, सुमारे ७७५ ते ८०० अंशांवर एकाच टप्प्यात सहा ते आठ तास ठेवतात. पहिल्याचे बळ अधिक असते, तरी समुद्रतळावर मी दुसराच निवडेन. ६२५ हा आणखी एक निकेल मिश्रधातू फटींतल्या गंजाला तोंड द्यायला फार चांगला, पण बोल्टात त्याचे बळ मुख्यतः थंड अवस्थेतल्या घडवणीतून येते, त्यामुळे जाड व्यासात तो मागे पडतो.

आट्यांकडे मात्र पुस्तके फारशी लक्ष देत नाहीत, असे माझे मत आहे. मुरवल्यानंतर आटे रोल केले, म्हणजे न कापता दाबून उमटवले, तर आट्याच्या मुळाशी धातू आणखी कठीण होतो, आणि ताणही तिथेच एकवटतो. सळीच्या मध्यावर घेतलेला रॉकवेल चाचणीचा काठिण्याचा आकडा याबद्दल अवाक्षर काढत नाही. म्हणून आम्ही नमुना उभा कापतो, चकचकीत करतो आणि अगदी लहान ठसा उमटवणाऱ्या सूक्ष्म विकर्स यंत्राने मुळापासून आत काठिण्य मोजत जातो. शिवाय हे धातू एकमेकांवर घासले की आटे चिकटून बसतात. योग्य वंगण न लावता घाईने नट फिरवल्यामुळे मी पहिल्या वर्षी तीन स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) अक्षरशः करवतीने कापून काढले.