गोव्यात नव्याने आलेल्या मुद्रितशोधकांसाठी

सातारा जिल्ह्यातून फोंड्याला येऊन मला आता बावीस वर्षे झाली आणि त्यांतली गेली नऊ वर्षे रोज संध्याकाळी तासभर मी स्वामित्वहक्कातून मुक्त झालेली जुनी मराठी पुस्तके विकिस्रोत या इंटरनेटवरील मुक्त ग्रंथालयात आणण्याचे काम करीत आहे. नोकरीनिमित्त घाटावरून इथे उतरलेल्या आणि या कामात हात घालू इच्छिणाऱ्या मंडळींना मी जे तोंडी सांगत असतो, तेच येथे लिहून ठेवतो.

पुस्तक जुने दिसते म्हणून ते मुक्त झाले असे मानू नये. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे मोजली जातात; म्हणजे १९६५ साली वारलेल्या लेखकाचे लेखन १ जानेवारी २०२६ रोजी मुक्त झाले. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९४७ साली वारले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके भारतात २००८ पासून मुक्त आहेत, बोरीचे बा. भ. बोरकर मात्र १९८४ साली गेले, तेव्हा त्यांच्या कवितांसाठी २०४५ उजाडावे लागेल. अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, आणि नव्या आवृत्तीतील प्रस्तावना ज्याची असेल त्याचा हक्कही वेगळाच. शिवाय विकिस्रोताचे सर्व्हर अमेरिकेत असल्याने तिकडची प्रकाशनापासून ९५ वर्षांची मुदतही पाहावी लागते. म्हणून मृत्यूवर्षाइतकीच पहिल्या आवृत्तीच्या वर्षाची नोंद काळजीपूर्वक करावी.

प्रत मिळवण्यासाठी पणजीत पाटोवरचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे; ते १८३२ साली स्थापन झाले. पुस्तकातला मजकूर मुक्त असला तरी त्या प्रतीवर मालकी ग्रंथालयाची असते, म्हणून स्कॅन करण्यापूर्वी लेखी परवानगी मागावी. घरोघरच्या फडताळांतील आणि पोटमाळ्यांवरील पुस्तके पावसाळ्यात हाताळू नयेत. इथल्या दमट हवेत पाने एकमेकांना चिकटतात आणि ओढून सोडवल्यास अक्षरेच उपटून येतात. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला उत्तम. स्कॅन किमान ३०० डीपीआयचे, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांचे असावे.

स्कॅनच्या चित्रातली अक्षरे यंत्राने ओळखून दिलेला मजकूर हाती आला की खरे काम सुरू होते. यंत्र घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व यांची गल्लत करते, आणि त्यातून 'घन'चे 'धन' झाले तर दोन्ही शब्द खरे असल्याने शुद्धलेखन तपासणारी कोणतीही सोय ती चूक दाखवत नाही. पूर्वी छापखान्यांत एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचे आणि दुसरा मुद्रितावर नजर ठेवी. घरात कोणी सोबत बसायला तयार असेल तर आजही याहून चांगली रीत नाही. पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र असेल तर ते आधी वाचावे. १९६२ चे लेखननियम येण्यापूर्वीच्या पुस्तकांत 'घरांत', 'नाहीं', 'कांहीं' असेच छापलेले असते, आणि त्यातला एकही अनुस्वार आपण काढायचा नाही.

हे मला ठाऊक होते, तरी पहिल्याच वर्षी माझ्या हातून मोठी चूक झाली. गोव्यात छापलेल्या एका पुस्तकात 'खाजन शेतें' असे आले होते. यंत्र चुकले असेल असे धरून, स्कॅनकडे नीट न पाहता मी ते सर्वत्र 'खाजगी शेतें' केले. खाजन म्हणजे खाडीकाठी बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन, आणि तिची व्यवस्था पुष्कळदा गांवकरी म्हणजे गावच्या मूळ रहिवाशांच्या वंशजांची सामाईक संस्था पाहत असे. म्हणजे गावकऱ्यांनी मिळून राखलेल्या जमिनीला मी एका अक्षराच्या फेरफाराने खाजगी करून टाकले होते. डिचोलीच्या एका वयस्क सहकाऱ्यांनी पाने दुसऱ्यांदा तपासून प्रमाणित करताना ते पकडले, आणि मला त्याची आजही खंत वाटते. रेजिदोर, माटोळी, कोमुनिदाद असे शब्द आपल्याला अनोळखी वाटले, तरी ते लेखकाचे आणि त्याच्या गावाचे शब्द आहेत. नव्याने आलेल्या माणसाने ते आधी शेजाऱ्यांना विचारावेत, आणि छापलेले पान पुन्हा पाहिल्याशिवाय त्यांना हात लावू नये. छपाईची उघड चूक असली तरी मूळ रूप ठेवून साच्याच्या, म्हणजे विकिस्रोतावरील तयार खुणेच्या आधारे दुरुस्त रूप दाखवण्याची सोय आहे.

विकिस्रोतावर पान तपासले की ते पिवळे होते, आणि दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तपासल्यावरच हिरवे होते. नव्या माणसाने सुरुवात याच दुसऱ्या तपासणीपासून करावी, कारण आधीच्याने काय राखले आणि काय बदलले हे त्यात शेजारी शेजारी पाहायला मिळते. रोज दोन पाने पुरेत. जिथे शब्द लागत नाही तिथे अंदाजाने भर न घालता पानाला समस्यायुक्त असा दर्जा द्यावा, चर्चापानावर प्रश्न लिहावा आणि पुढच्या पानाकडे वळावे. माझे असे दोन प्रश्न तीन वर्षांनी सुटले, तोवर ती पाने तशीच ठेवली होती.