कविता आणि परिसर अभ्यास जोडून शिकवताय? अध्यापक विद्यालयांनी या चुका टाळा

जोडपाठाचं, म्हणजे कविता आणि परिसर अभ्यास एकत्र शिकवायच्या पाठाचं, टाचण काढायला सांगितलं की छात्राध्यापक सुरुवातीला झाडावरचा एखादा अभंग म्हणवून घेतात आणि पाच मिनिटांत फळ्यावर प्रकाशसंश्लेषणाची आकृती येते. अभंग तिथेच सुटतो. शब्द आणि निरीक्षण एकाच गोष्टीवर आले नाहीत, तर तो जोडपाठ होत नाही.

विदर्भात यासाठी पावशा पक्ष्यासारखा विषय नाही. तो ‘पेरते व्हा’ म्हणतो, हे प्रत्येक पोराला ठाऊक असतं. भाषेचे अध्यापक हे कौतुकानं सांगून थांबतात, विज्ञानाचे अंधश्रद्धा म्हणून झटकतात. दोन्हीकडे पाठ मरतो. पावशाची वीण पावसाच्या तोंडावर सुरू होते, म्हणून नर तेव्हा सारखा ओरडतो. मादी अंडी घालते ती सातभाई पक्ष्याच्या घरट्यात. म्हणजे लोकांनी हंगाम बरोबर ऐकला. पेरणीचा दिवस मात्र पक्षी सांगत नाही. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. आधी पेरलं तर वरच्या ओलीवर बी उगवतं, खंड पडला की कोमेजतं आणि दुबार पेरणी गळ्यात पडते. वहीत दोन रकाने आखा: ओरड ऐकल्याची तारीख आणि त्या दिवशीचा पाऊस.

पाऊस मोजायला दोन लिटरची बाटली पुरते, पण चुका इथेच जास्त होतात. मधे कंबर असलेली बाटली घेतली की मोजमाप चुकतं. बाजू सरळ हव्यात. वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवा. त्याची कापलेली कड आणि बाटली एकाच व्यासाची हवी. बुड ओबडधोबड असतं, म्हणून खडे टाकून सरळ भागापर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. पट्टी त्या खुणेपासून लावा. रोज सकाळी साडेआठला नोंद घेऊन पाणी पुन्हा शून्यावर आणा. बाटली वळचणीखाली किंवा झाडाखाली ठेवू नका; जवळच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडा. रविवारची नोंद कोण घेणार, हे शनिवारीच ठरवा.

मातीच्या पाठात पुस्तकातली तीन नावं पाठ करून घेणं ही दुसरी चूक. कन्हार, मोरांड, खरडी, बरडी, सिहार हे शब्द म्हणजे शेतकऱ्यांनी केलेलं वर्गीकरणच आहे. आधी शब्द गोळा करा, मग प्रत्येक माती बरणीत पाण्यासोबत हलवून ठेवा. कन्हार ही चिकण माती; तिचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसतं आणि ‘प्रयोग फसला’ म्हणून बरणी ओतली जाते. ओतू नका. चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की बसायला दोन-तीन दिवस लागतात. ही माती पाण्यानं फुगते, त्यामुळे थराची जाडी अंदाजेच धरा.

मोहाचा पाठ मार्च-एप्रिलमध्ये ठेवा. पहाटे गळलेली फुलं अकरापर्यंत वेचून झालेली असतात, तेव्हा वर्ग सहालाच झाडाखाली हवा. वेचणाऱ्या बाईंना आदल्या दिवशी विचारून ठेवा. फुलं दिसावीत म्हणून काही ठिकाणी पालापाचोळा जाळतात आणि त्यातून वणवा लागतो. पण त्यांच्यासमोर दोषाची भाषा नको. झाडाखाली जुनं लुगडं किंवा जाळी अंथरून किती फुलं स्वच्छ हाती येतात, ते त्यांच्यासोबतच मोजून पाहा.